फुगलेल्या बॅटरीची कबुली

मी बॅटरी बोलतेय. नवी नव्हे, जुनी. पोट फुगलेली, कडा उसवलेली, वाळूच्या बादलीत बसवलेली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे जे सांगणार आहे त्यात हसण्यासारखं थोडं आहे आणि मान खाली घालण्यासारखं फार.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका ओळीने बसलेल्या असायच्या. एकीने तीन चपट्या थैल्या एकावर एक रचल्या, दुसरीने तारा जोडल्या, तिसरीने निळं प्लास्टिक चढवून गरम हवा मारली, की ते अंगाला घट्ट बसलं. चौथीचं काम फक्त तपासायचं. तिने मला दोन तारा लावल्या, आकडा बघितला आणि म्हणाली, "चल, जा." माझं बारसं म्हणाल तर तेवढंच.

तिथून मी आले ती वाचनालयाच्या मागच्या खोलीत. पूर्वी तिथे जुनी वर्तमानपत्रं रचून ठेवायचे, त्यामुळे भिंतींना अजून तो वास होता. दर शनिवारी तिथे सहा पोरं जमायची आणि रोबो बनवायची. शिकवायला एक बाई होत्या. आठवडाभर त्या लिफ्ट दुरुस्त करत फिरायच्या आणि शनिवारी इथे फुकट यायच्या. नखांत काळं तेल, बोलणं मोजकं. पोरांनी चुका करून शिकावं असं त्यांचं मत होतं. मत चांगलं होतं, पण त्याच्या आड किती काय लपतं ते पुढे कळेलच.

सहांतल्या तिघांची ओळख करून देते, बाकीचे तिघं रोबोचा हात जोडायचे, फलक रंगवायचे आणि कॅप्टन म्हणेल त्याला मान डोलवायचे.

कॅप्टन नववीतला. हुशार होता, नाही म्हणत नाही, पण ती हुशारी त्याला चढली होती. रोबोने कधी सरळ जायचं, कधी वळायचं हे लॅपटॉपवर लिहायचं काम त्याचं, आणि त्या लॅपटॉपला तो दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही. ढब्बू चाकं आणि स्क्रू सांभाळायचा. त्याचं तोंड कायम चालू, खायला नसलं की बोलायला.

आणि मुंगी. सहावीतली, सगळ्यांत लहान. ती क्लबात आली तोवर कामं वाटून झाली होती.

"तू चार्जिंग कर," कॅप्टन तिला म्हणाला.

"म्हणजे काय करायचं, दादा?"

"वायर लावायची. हिरवा दिवा लागला की काढायची."

"आणि मधल्या वेळात?"

"मधल्या वेळात गप्प बसायचं."

"हे काम मला द्या की," ढब्बू म्हणाला. "मी कधीचा असं काम शोधतोय."

"तुला गप्प बसणं झेपेल?" मुंगीने विचारलं.

सगळे हसले. कॅप्टनही हसला. तो एकच दिवस असा होता की तिच्या बोलण्यावर सगळे हसले आणि तिला ते आवडलं.

सुरुवातीला माझ्या अंगात रग होती. एकदा भरले की रोबो तासभर पळवायचे. कॅप्टन मला 'लकी' म्हणायचा. लाडाने कोणी बिघडत नाही असं म्हणणाऱ्यांनी माझ्याकडे बघावं.

दोन-चार महिन्यांत माझी ताकद उतरायला लागली. बॅटरीचं पोट आतून आक्रसत जातं. पूर्वी जे दोन तासांत भरायचं ते आता चाळीस मिनिटांतच भरल्यासारखं वाटायचं आणि चार्जरवर हिरवा दिवा लागायचा. पोरांना वाटलं, काय बॅटरी आहे.

"बघा, चाळीस मिनिटांत फुल्ल," कॅप्टन सगळ्यांना दाखवायचा.

मुंगी एकदा म्हणाली, "दादा, लवकर भरते म्हणजे कमी खाते ती. आजारी माणूस नाही का, दोन घासांत पुरे म्हणतं."

"आल्या डॉक्टरीणबाई," ढब्बू म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले. या वेळी तिला आवडलं नाही.

मला तिचा राग आला. आतून मला सगळं ठाऊक होतं. पण हिरवा दिवा लागला की पोरं कौतुकाने बघायची, आणि त्या कौतुकापायी मी दिवा लावत राहिले. बॅटरीच्या हातात काय असतं, असं म्हणाल. हातात काही नसलं तरी मनात काय होतं ते माझं मला माहीत आहे.

मुंगी मधल्या वेळात गप्प बसली नाही. भिंतीवरच्या घड्याळात बघून ती मी किती वेळ चालते ते मोजायची. मग पांढऱ्या टेपचा तुकडा माझ्या पोटावर चिकटवून त्यावर तारीख आणि मिनिटं लिहायची. बावन्न. अडतीस. एकवीस. नऊ. कुठल्या बाईला आवडेल हो, आपलं उतरतं वय पोटावर लिहून मिरवायला? मी चार्जरवर बसून मनातल्या मनात तिला शिव्या घालायचे.

इकडे कॅप्टनचं वेगळंच चाललं होतं. रोबो कोपऱ्यावर वळायचा तो वेळेच्या हिशेबाने. एक चाक किती वेळ फिरवायचं तो आकडा कॅप्टनने सुरुवातीला अकराशे ठेवला होता, म्हणजे एका सेकंदाहून जरासं जास्त. मी दमायला लागल्यावर चाक हळू फिरायला लागलं आणि रोबो अर्ध्यातच वळून थांबायला लागला. कॅप्टनने आकडा बाराशे केला. मग साडेतेराशे. मग पंधराशे. प्रत्येक वेळी रोबो पुन्हा बरोबर वळायचा आणि कॅप्टन खुर्चीत मागे रेलून म्हणायचा, "जमलं." जमलं कुठलं? तो माझा अशक्तपणा आकड्याने झाकत होता आणि मी झाकून घेत होते.

मुंगी मागे लागली म्हणून बाईंनी नवी बॅटरी आणली. माझ्याच मापाची, तशीच निळी. कॅप्टनने ती स्पर्धेसाठी म्हणून कपाटात ठेवून दिली.

"दादा, नवीवर एकदा चालवून बघू या ना," मुंगी म्हणाली. "ही दमलीय म्हणून तू आकडा वाढवत बसलायस. नवी लावली तर रोबो जास्त वळेल."

"आकड्यांचं मला शिकवू नकोस. तू वायर लाव."

तिने वायर लावली.

स्पर्धेच्या आठवड्यात पोरं रोज जमत होती, आणि आदल्या दिवशी ती रोबो पुसून लखलखीत करत होती. कॅप्टनने मला उचललं आणि नाक मुरडलं. "हे काय औषधाच्या बाटलीसारखं चिकटवलंय? परीक्षक बघतील."

"काढू नकोस, दादा. मग कुठली जुनी नि कुठली नवी ते कळणार नाही. कालची चार मिनिटं लिहायचीत मला अजून. उद्याचा खेळ पाच मिनिटांचा आहे."

हल्ली सरावात ते सलग पाच मिनिटं रोबो चालवतच नव्हते. तुकड्या-तुकड्याने चालवायचे आणि मध्ये मला चार्जरला लावायचे. म्हणून तिच्याशिवाय हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

कॅप्टनने नख घालून टेप ओढली. फर्रकन निघाली. ढब्बू शेजारी उभा होता, त्याने बघितलं. बाई दारात उभ्या होत्या, त्यांनीही बघितलं. कोणी काही बोललं नाही.

आणि मी? मला बरं वाटलं. खरं सांगते, अंगावरचा डाग गेल्यासारखं वाटलं. माझी पहिली लाज ती. दुसरी दुसऱ्या दिवशीची.

स्पर्धेचा हॉल प्रचंड होता. तीस-चाळीस क्लब, तेवढीच मैदानं आखलेली, सगळीकडे मोटारींची घरघर. मुंगी रोबोवर लावायचा नंबर आणायला रांगेत उभी होती. तेवढ्यात पहिल्या फेरीचा पुकारा झाला. कॅप्टनने चार्जरवरच्या दोघींतली हाताला आली ती काढून रोबोत बसवली. ती नवी होती.

रोबो झोकात सुटला. पहिल्या कोपऱ्यावर वळला, वळला आणि वळतच गेला. ज्या भिंतीकडे पाठ करायची तिच्याकडेच तोंड करून धावला आणि धाडकन आपटला. हात वाकडा झाला. पुढची साडेचार मिनिटं तो भिंतीला ढुशा देत होता आणि पोरं बघत होती.

दुसऱ्या फेरीआधी वाकडा हात सरळ करून झाल्यावर कॅप्टन म्हणाला, "आपली लकीच बरी. कुठली आहे ती?"

मुंगीने दोघींना हातात घेऊन बघितलं. माझ्या पोटावर टेपचा चिकटपणा राहिला होता, त्यावरून तिने मला ओळखलं. "ही. पण ही पाच मिनिटं टिकणार नाही, दादा. त्यापेक्षा नवीच लाव आणि आकडा परत अकराशे कर."

"हिरवा दिवा आहे ना हिचा? मग झालं तर."

हो, होता. माझा हिरवा दिवा लखलखीत होता.

मी जीव खाऊन पळाले. सगळी वळणं बरोबर घेतली. चौथ्या मिनिटाला रोबोने शेवटचा ठोकळा उचलला, वर धरला, आणि माझा श्वास संपला. ठोकळा हवेत, रोबो जागच्या जागी, आणि ठोकळा ज्यात टाकायचा ते टोपलं वीतभर लांब.

फेऱ्या झाल्यावर परीक्षक प्रत्येक क्लबाशी बोलायचे, कोणी काय काम केलं ते विचारायचे. त्याचेही गुण होते. आमच्याकडे पांढऱ्या मिशांचे एक सर आले. मान तिरकी करून ऐकायची त्यांची सवय होती.

"पहिल्यांदा भलतीकडे वळला, दुसऱ्यांदा मध्येच थांबला," ते म्हणाले. "काय झालं नेमकं?"

कॅप्टनचा चेहरा लाल झाला होता. "बॅटरी," तो म्हणाला. "बॅटरीचं काम हिच्याकडे होतं, सर. हिने लक्ष दिलं नाही. पहिल्यांदा चुकीची लागली आणि दुसऱ्यांदा नीट चार्ज नव्हती."

सर मुंगीकडे वळले. "खरं का, बाळ?"

मुंगीने ढब्बूकडे बघितलं. ढब्बू बुटाची नाडी बघत होता, ती सुटलेली नव्हती. तिने बाकीच्या तिघांकडे बघितलं. मागे उभ्या बाईंकडे बघितलं. बाई पाण्याची बाटली उघडत होत्या. मी टेबलावर पडले होते, गरम, रिकामी.

"हो," मुंगी म्हणाली.

तो 'हो' मी अजून विसरले नाही. माझं खोटं तिने आपल्या अंगावर घेतलं, आणि मी जिला शिव्या घालत होते ती हीच.

खोलीवर परतल्यावर तिने चार्जरची वायर गुंडाळली, आम्हा दोघींना कपाटात ठेवलं आणि कोणाशी न बोलता गेली. पुढच्या शनिवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

आता चार्जिंग कॅप्टनकडे आलं. त्याने मला शनिवारी लावलं आणि विसरला. मी तशीच दिवसरात्र चार्जरवर. पोट फुगलं, प्लास्टिक ताणलं, कडेला उसवलं. तिसऱ्या शनिवारी त्याने आम्हा दोघींना समोर ठेवून बराच वेळ बघितलं. चिकटपणा त्याने स्वतःच पुसून टाकला होता, पण माझं फुगलेलं पोट बघून जुनी कुठली ते कोणालाही कळलं असतं.

"मुंगीला विचारून येतो," तो बाईंना म्हणाला. "यातली जुनी कुठली ते."

"एवढंच विचारायचंय?" बाई म्हणाल्या.

तो आम्हाला बॅगेत टाकून निघाला.

मुंगी मावशीकडे राहायची. मावशीचं शिवणकामाचं दुकान होतं, एक मशीन, एक आरसा आणि छतापर्यंत कापडाचे गठ्ठे. कॅप्टन दारात उभा राहिला.

"कोण हवंय?" मावशीने मशीन न थांबवता विचारलं.

"मुंगी आहे का?"

"आमच्या घरात मुंग्या नाहीत. आम्ही रोज पुसतो."

आतून मुंगी आली, हातात सुईदोरा. "मावशी, तो क्लबातला दादा आहे."

"हाच का तो?" मावशीने मशीन थांबवलं. दुकानात एकदम शांत झालं. "बोल बाबा. आता सगळं ऐकू येईल."

कॅप्टनने बॅगेत हात घातला आणि आम्हा दोघींना काढून गिऱ्हाइकांच्या टेबलावर ठेवलं. "यातली जुनी कुठली गं?"

मुंगी जागची हलली नाही. लांबूनच म्हणाली, "फुगलीय ती. दादा, तू हिला बॅगेत घालून आणलीस?"

"का? काय होतं?"

"पेट घेते अशी. दाबली, टोचली तर भडकते."

मावशी उठली. "माझ्या दुकानात नुसतं कापड आहे, पोरा. अक्कल गहाण टाकलीस का?" कोपऱ्यात आगीसाठी ठेवलेली वाळूची लोखंडी बादली होती. मावशीने ती टेबलाला लावली आणि कापड मोजायच्या दोन लाकडी पट्ट्यांनी मला अलगद सरकवत वाळूत उतरवलं. माझ्या उभ्या आयुष्यात मला कोणी इतक्या जपून हलवलं नव्हतं, आणि तेसुद्धा माझी भीती वाटली म्हणून.

"आता ही इथून हलवा," मावशी म्हणाली. "दोघं धरा. मी कुलूप लावून मागे येते. पळायचं नाही."

बादली जड होती. एका हाताने कडीची एक बाजू त्याने धरली, दुसरी तिने. तो उंच, ती बुटकी, त्यामुळे बादली तिच्याकडे कलायची.

"हळू चाल की," मुंगी म्हणाली.

"हळूच चालतोय."

"तुझे पाय लांब आहेत. आणि खाली धर जरा, सगळं माझ्याकडे येतंय."

तो वाकून चालायला लागला. नाक्यावर गाड्या जायची वाट बघत थांबले तेव्हा तो म्हणाला, "तू हो का म्हणालीस?"

"मग काय म्हणू? बाकी सगळे गप्प. मी एकटीने नाही म्हटलं असतं तर मीच खोटी ठरले असते." लाल झालेला तळहात चोळत ती म्हणाली, "मला वाटलं होतं, ढब्बू तरी बोलेल."

"मी खोटं बोललो."

"ते मला माहितीये. मला कशाला सांगतोस? ज्यांना माहीत नाही त्यांना सांग."

गाड्या गेल्या. दोघांनी बादली उचलली. मागून मावशी म्हणाली, "बघा पायाखाली."

खोलीच्या मागच्या ओट्यावर बादली ठेवली. आत सगळे होते. कॅप्टन दारातच उभा राहून बोलला. पहिल्या फेरीला बॅटरी त्याने स्वतः लावली होती. टेप त्याने काढली होती. मुंगीने दोन्ही वेळा आधी सांगितलं होतं, आणि तिने लक्ष दिलं नाही असं तो सरांना म्हणाला ते खोटं होतं. बोलताना त्याचा आवाज दोनदा चिरकला. कोणी हसलं नाही.

ढब्बूने तोंडातलं गिळलं. "मी बघितलं होतं टेप काढताना," तो म्हणाला. "मला बोलायचं होतं, पण..." वाक्य अर्धवट सोडणारा ढब्बू मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

बाई खुर्चीवर बसल्या होत्या. "मीही दारात होते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, पोरांचं पोरं बघतील. सरांसमोरही तेच वाटलं. ते शिकवणं नव्हतं. मला कटकट नको होती."

मावशी म्हणाली, "बाई, तुमचं तुम्ही बघा. हिने तीन आठवडे बटणं लावलीत. इतकी बटणं माझ्याकडे येतात तरी कुठे."

बाईंनी फोन काढला आणि मिशीवाल्या सरांना लावला. सगळ्यांना ऐकू येईल असा मध्ये टेबलावर ठेवला. कॅप्टनने पुन्हा सगळं सांगितलं.

सर ऐकत होते. मग म्हणाले, "गुण आता बदलणार नाहीत."

"गुणांसाठी नाही, सर."

"मग ती मुलगी आहे का तिथे?"

मुंगी टेबलाशी आली. हात मागे बांधून फोनकडे तोंड करून उभी राहिली, जणू सर समोरच बसलेत.

"सर, त्या दिवशी मी हो म्हणाले. ते खोटं होतं. मी लक्ष दिलं होतं."

"काय लक्ष दिलं होतंस, सांग बघू."

"बावन्न मिनिटं," ती म्हणाली. "मग अडतीस. मग एकवीस, नऊ, चार." तारखांसकट सांगितलं तिने. माझा एकेक महिना पाठ होता तिला. ती सांगत होती आणि मी ओट्यावर, दाराआड, वाळूत बसून ऐकत होते. माझ्याकडे इतकं बघणारं दुसरं कोणी नव्हतं. आणि तिचं लिहिलेलं अंगावरून गेलं तेव्हा मला बरं वाटलं होतं.

आता ती शनिवारी येते. चार्जिंगला बसत नाही. चार्जिंग सगळे पाळीपाळीने करतात, आणि ढब्बूच्या पाळीला सगळ्यांना घड्याळाकडे बघावं लागतं, कारण तो बोलण्यात विसरतो. मुंगी लॅपटॉपसमोर बसते. तिने सुचवलं की रोबोला वेळेच्या हिशेबाने वळवायचंच नाही, चाक किती फेरे फिरलं ते मोजून वळवायचं. मग बॅटरी दमलेली असो की ताजी, वळण तेवढंच येईल. महिनाभराचं काम आहे. म्हणजे माझ्यासारखीचं खोटं पुढे कोणाला नडणार नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाटायचा हक्कही नाही.

सोमवारी जुन्या बॅटऱ्या गोळा करणारी गाडी येणार आहे. बाईंनी बादलीवर कागद लावलाय, 'हात लावू नका'. तुम्ही हे वाचाल तोवर माझे तीन तुकडे तीन ठिकाणी गेले असतील. जाता जाता एकच मागणं आहे. तुम्ही दमलात हे कोणी तुमच्या तोंडावर सांगितलं, तर त्याच्यावर चिडू नका. आणि चारचौघांत कोणी एकटं उभं राहून तुमच्याकडे बघत असेल, तर बुटाची नाडी बघू नका.

मुंगीला 'माझं चुकलं' म्हणायचं माझ्याकडून राहिलं. बॅटरीला बोलता येत नाही हे कारण मी पुढे करणार नाही. कॅप्टनला बोलता येत होतं, तरी त्याला तीन आठवडे लागले.

दार अर्धवट उघडं आहे. आत त्यांचं चाललंय.

"दादा, सरक. मला दिसत नाहीये."

"अगं, मी लिहितोय ना."

"तू लिहितोयस म्हणूनच बघायचंय."

मग खुर्चीचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला. तो सरकला.